घेणाऱ्याला नियम आहे, देणाऱ्याला कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी मिरजेत औषधाचं दुकान चालवतो. दवाखान्यांच्या गल्लीतच दुकान असल्यामुळं जतपासून अथणी-रायबागपर्यंतचा पेशंट रोज समोर येतो आणि त्याच्या हातातली चिठ्ठी वाचायचं काम माझं. औषध कंपन्या डॉक्टरांना काय काय देतात यावर पेपरात अधूनमधून बातमी येते, दोन दिवस चर्चा होते आणि विषय संपतो. म्हणून म्हटलं काउंटरच्या ह्या बाजूनं जे दिसतं ते एकदा लिहावं.

लोकांना एक गोष्ट माहितीच नसते. कंपनीचा एमआर, म्हणजे औषधं खपवणारा प्रतिनिधी, डॉक्टरांना भेटतो ते सगळ्यांना दिसतं, पण तो नंतर आमच्याकडं पण येतो, ह्याला त्यांच्या भाषेत आरसीपीए म्हणतात. "शेठ, वरच्या सरांचं आपलं किती निघालं ह्या महिन्यात?" असं विचारतो आणि वहीत लिहून घेतो, म्हणजे कुठल्या डॉक्टरनं कुठला ब्रँड किती लिहिला ह्याचा हिशोब दुकानातनं निघतो आणि कंपनीकडं जातो. आता नुसती माहिती सांगून यायची असेल तर हा हिशोब कशाला लागतो? जिथं दिलेल्याची वसुली बघायची असते तिथंच असला हिशोब ठेवतात, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पोरांना मी दोष देत नाही, त्यांच्या डोक्यावर टार्गेट असतं, नाही झालं तर बदली नाहीतर घरी. उलट त्यांच्याच फेडरेशननं सुप्रीम कोर्टात याचिका टाकलीय की कंपन्यांच्या मार्केटिंगची आचारसंहिता कायद्यानं बंधनकारक करा. जे पाकीट घेऊन फिरतात तेच म्हणतायत हे थांबवा, ह्याच्यापेक्षा मोठा पुरावा कुठला पाहिजे?

दुसरी गोष्ट प्रोपगंडा कंपन्यांची, म्हणजे ठराविक डॉक्टरांना धरूनच माल खपवणाऱ्या कंपन्यांची. नाव कधी ऐकलेलं नसतं, एमआरपी भरमसाठ असते आणि ते औषध एका ठराविक दवाखान्याच्या खालच्या मेडिकलमध्येच मिळतं, अख्खी मिरज-सांगली फिरा, दुसरीकडं मिळणार नाही. कवठेमहांकाळकडची एक म्हातारी बाई असलीच चिठ्ठी घेऊन आली आणि म्हणाली, "दादा, ह्यातलं दुसरं काय स्वस्तातलं नाही का वो?" तेच कंटेंट, म्हणजे आतलं मूळ औषध तेच असलेली दुसरी गोळी, माझ्याकडं कितीतरी कमी किमतीत पडून होतं पण द्यायचं कसं? डॉक्टरांनी ब्रँड लिहिला की दुकानदारानं आपल्या मनानं तो बदलायचा नाही असा औषध नियमांमध्येच नियम आहे, बदलला तर माझं लायसन जाणार. म्हणजे एकदा का चिठ्ठीवर नाव उमटलं की पेशंटच्या हातात काही राहत नाही आणि म्हणूनच त्या चिठ्ठीला एवढा भाव आहे.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. डॉक्टरांना भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार, रोख रक्कम घ्यायला मेडिकल कौन्सिलनं डिसेंबर 2009 मध्येच बंदी घातली. पण ती बंदी घेणाऱ्यावर, देणारी कंपनी त्यात नाही. 2022 मध्ये अपेक्स लॅबोरेटरीज नावाच्या कंपनीच्या केसचा सुप्रीम कोर्टात निकाल लागला, डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा साधारण पावणेपाच कोटींचा खर्च त्यांनी इन्कम टॅक्समधून वजा मागितला होता आणि म्हणणं काय तर नियम डॉक्टरांना आहे, आम्हाला नाही!! कोर्टानं ते फेटाळलं आणि हे पण सांगितलं की ह्या भेटींचा खर्च औषधाच्या किमतीतच धरलेला असतो, म्हणजे शेवटी तो लोकांच्याच अंगावर पडतो. त्याच वर्षी डोलो ह्या तापाच्या गोळीच्या कंपनीवर धाड पडली तेव्हा इन्कम टॅक्स खात्याचा अंदाज सुमारे 1000 कोटींच्या भेटींचा होता. कंपनीनं आरोप नाकारला हे पण सांगायला पाहिजे.

मग मार्च 2024 मध्ये केंद्राच्या फार्मा खात्यानं नवीन आचारसंहिता काढली. कागदावर चांगली आहे, भेटवस्तू बंद, परदेशातल्या कॉन्फरन्स बंद, फुकट सॅम्पलवर मर्यादा. पण तक्रार कुणाकडं करायची? तर कंपन्यांच्याच असोसिएशनकडं! ती पण 1000 रुपये भरून, आणि ते परत मिळत नाहीत. दोषी ठरली तर कंपनीला समज द्यायची, नाव जाहीर करायचं, नाहीतर असोसिएशनमधून काढायचं. अॅबव्ही कंपनीनं 30 डॉक्टरांना मोनॅको आणि पॅरिसला नेलं, खर्च 1 कोटी 91 लाख, हे खुद्द फार्मा खात्यानंच शोधून काढलं आणि डिसेंबर 2024 मध्ये कंपनीला काय झालं, तर समज मिळाली. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं. रजिस्टरमध्ये एखादी नोंद राहिली तर आमच्यासारख्या दुकानदाराचं लायसन सस्पेंड होतं हो.

आणि ह्या आचारसंहितेत एक फट ठेवलीय तिच्याकडं कुणाचं फारसं लक्ष नाही. डॉक्टर स्पीकर म्हणून येणार असेल तर त्याचा प्रवासखर्च चालतो. अमेरिकेतली प्रकरणं बघा, सगळा खेळ ह्याच स्पीकर शब्दावर झालाय. नोव्हार्टिसनं 2020 मध्ये 67 कोटी 80 लाख डॉलर भरून केस मिटवली, तिथल्या सरकारचा आरोप हाच होता की भाषणाच्या नावाखाली डॉक्टरांना पैसे आणि महागडी जेवणं दिली. इन्सिस कंपनीनं तर फेंटानिलचा स्प्रे, म्हणजे कॅन्सरच्या असह्य वेदनेसाठीचं औषध, डॉक्टरांनी जास्त लिहावं म्हणून स्पीकर फी वाटली, आणि तिथं खुद्द कंपनीचा संस्थापक जॉन कपूर ह्यालाच साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. चीननं 2014 मध्ये ग्लॅक्सोला लाचेबद्दल 3 अब्ज युआन दंड केला. म्हणजे करायचं म्हटलं तर देणाऱ्याला धरता येतं.

दंडापेक्षाही मला अमेरिकेतली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तिथं 2010 च्या कायद्यानं कंपन्यांना कुठल्या डॉक्टरला किती दिलं हे सरकारला कळवावं लागतं आणि 2014 पासून ते सगळं इंटरनेटवर खुलं आहे, कुणीही पेशंट आपल्या डॉक्टरचं नाव टाकून बघू शकतो. आपल्याकडं असं झालं तर तासगावच्या द्राक्षबागेत रोजानं जाणाऱ्या बाईच्या मुलाला मोबाईलवर ते बघता येईल, आणि जे डॉक्टर काहीच घेत नाहीत, असे आपल्या जिल्ह्यात आहेत आणि मी त्यांच्या चिठ्ठ्या रोज बघतो, त्यांच्या नावापुढं शून्य दिसेल. ह्या डॉक्टरांवर आज विनाकारण संशय घेतला जातो ह्याचं मला फार वाईट वाटतं.

काही डॉक्टर म्हणतात, ब्रँड लिहितो कारण स्वस्त औषधाच्या क्वालिटीचा भरवसा नाही. ह्यात तथ्य आहे, रॅनबॅक्सीसारख्या मोठ्या कंपनीनं 2013 मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करून 50 कोटी डॉलर भरलेत. पण मग आपल्या राज्याच्या एफडीएकडं (अन्न व औषध प्रशासनाकडं) सॅम्पल तपासायला माणसं वाढवा, लॅब वाढवा, क्वालिटीच्या प्रश्नाचं उत्तर मोनॅकोची ट्रिप कसं काय असू शकतं? आम्ही दुकानदार पण काही धुतल्या तांदळासारखे नाही, स्कीम बघून माल भरणारे आमच्यात पण आहेत, आमच्यावर पण नियम कडक करा.

आपल्या जिल्ह्याच्या खासदार-आमदारांना माझी विनंती आहे की ही आचारसंहिता कायदा म्हणून आणा, तक्रार सरकारी अधिकाऱ्याकडं आणि फुकट करता आली पाहिजे. आणि सांगली-मिरजेतल्या डॉक्टरांच्या संघटनांना हात जोडून विनंती, दिल्लीच्या कायद्याची वाट बघू नका, तुमच्या कॉन्फरन्सला कुठल्या कंपनीनं किती दिलं त्याचा आकडा हॉलच्या दारावर लावायला आजपासून कुणाची परवानगी लागत नाही.

पत्र छापलंत तर कृपया नाव टाकू नका. माझं दुकान चार दवाखान्यांच्या चिठ्ठ्यांवर चालतं आणि दोन पोरं कामाला आहेत.

आपला,
एक औषध दुकानदार, मिरज (जि. सांगली)