रात्री किती वेळा उठतोस?

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

फोन तू आपटलास, म्हणून लिहिते. "केटामिन औषधच आहे, तूच किती जणांना दिलंस," म्हणालास. दिलं ना. किल्लारीच्या भूकंपात, १९९३ ला, तू पोटात होतास. हात मोडलेलं लेकरू टेबलावर घ्यायचं, हे भुलीचं औषध शिरेत गेलं की मिनिटभरात रडं थांबायचं. डोळे मात्र सताड उघडे, बुबुळं इकडून तिकडं हलत. श्वास चालू, बीपी टिकून. भुलीचं मशीन नसलेल्या जागी याच्याएवढा आधार दुसरा नाही. पण शुद्धीवर येताना लेकरं किंचाळायची, नाही ते दिसायचं त्यांना. दिवा बारीक करून, कुणाला बोलू न देता मी उशाशी थांबायचे. तुमच्या पार्टीत उशाशी कोण असतं रे?

डिप्रेशनला देतात, हे खरं. पण दवाखान्यात, मोजून, बीपी बघत. २०१३ पासून ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक बंधनं असलेल्या औषधांच्या यादीत आहे. चिठ्ठी दोन प्रतींत, बाटली कुलपात. तुला पुडीत कोण देतं?

झालं माझं भाषण सुरू. राग धरू नकोस. तुझा ऑफिसातला फोटो वॉर्डातल्या सगळ्या पोरींना दाखवलाय मी, आजही दाखवते. दवाखान्याच्या पायरीवर बसून पाढे म्हणायचास, मावशी चहात बुडवून खारी द्यायच्या.

पण छकुलीच्या साखरपुड्याला आलास तेव्हा रात्रभर बाथरूमचा दिवा लागत-विझत होता. जळजळ होते का? रक्त जातं का? हे औषध लघवीवाटे बाहेर पडताना पिशवीचं अस्तर सोलतं, पिशवी आक्रसते, पुढं किडनीवर येतं. इन्फेक्शन समजून गोळ्या खात बसशील तर गुण यायचा नाही. लवकर सोडलं तर बऱ्याच जणांचं सुधारतं. सोनोग्राफी कर, आणि लघवीच्या डॉक्टरला काय घेतोस ते खरं सांग. लाजू नकोस, त्यांनी याहून वाईट ऐकलेलं असतं. रात्री किती वेळा उठतोस, एवढं तरी कळव.

अण्णांना काही सांगितलेलं नाही. विचारतात, तेव्हा कामाचा ताण म्हणते. त्यांना पटत नाही.

शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघते, तू ये म्हण की नको म्हण. गेटवर माझं नाव देऊन ठेव. मागच्या खेपेला वॉचमननं पिशव्यांसकट बाहेर बसवलं होतं.

तुझी,
आई