पंचगंगेचा घाट एका पहाटेपुरता नको

महोदय,

त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापुरातील पंचगंगा घाटावर हजारो पणत्या उजळतात आणि पाय ठेवायला जागा उरत नाही. उजाडल्यावर मात्र तेलकट पायऱ्यांवर फुटक्या पणत्या आणि काजळलेल्या वाती तशाच पडून असतात. प्रयाग चिखलीच्या संगमापासून नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळेपर्यंत ही नदी सांडपाणी आणि केंदाळ वाहते. जयंती नाल्याचे पाणी उपसून प्रक्रिया केंद्राकडे नेण्याची व्यवस्था आहे. पण ती कोलमडली की मैला थेट पात्रात उतरतो, आणि तेथे नागरिकांचा झाडू उपयोगाचा नाही, ते काम महापालिकेचेच.

तरीही गणेशोत्सवात मूर्तिदान आणि इराणी खणीतील (जुन्या दगडखाणीतील) विसर्जन स्वीकारून कोल्हापूरकरांनी नदीवरचा मोठा भार स्वतःहून कमी केला आहे. (आरंभी त्यालाही विरोध झाला होताच.) त्याच धर्तीवर तालीम मंडळांनी घाटाची देखभाल आठवड्याच्या पाळीने वाटून घ्यावी, पहाटे पोहायला येणाऱ्या जाणत्या मंडळींनी मुलांना तेथेच पोहायला शिकवावे आणि महापालिकेने पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष घाटावरच्या फलकावर दरमहा लावावेत, म्हणजे कोणत्या दिवसांत पाण्यात उतरू नये हेही लोकांना कळेल.

— एक वाचक, कोल्हापूर