कोंबड्यांच्या जाळीत पोपट नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी नातवंडांना घेऊन आमच्या भागातल्या एका कृषी पर्यटन केंद्रावर गेले होते. हुरडा, बैलगाडी, सगळं छान होतं. पण पक्ष्यांच्या मोठ्या जाळीसमोर माझे पाय अडखळले. वर दांडीवर लव्हबर्ड आणि कॉकाटील ही छोटी पोपटवर्गीय पाखरं, खाली गावरान कोंबड्या आणि बदकं, पाण्याची परात सगळ्यांना मिळून एकच. वरून सांडलेला राळा कोंबड्या टिपत होत्या, आणि त्यांनी उकरलेल्या भुश्शात एक कॉकाटील दाणे शोधत होतं. तिथल्या माणसाला हटकलं, तर म्हणाला, "ताई, सगळी पाखरंच की! दोन वर्षं झाली, काही होत नाही."

आमच्याकडे झालं होतं. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात माझ्या लेकीचं कॉकाटील घेऊन आम्ही माहेरी गेलो. पिंजरा पडवीत टांगला. भावाच्या पंचवीसेक कोंबड्या दिवसभर त्याच्याखाली घुटमळायच्या. आठवड्याभरात दोन कोंबड्या मलूल झाल्या, हिरवट पातळ हगू लागल्या. मग एकीची मान पिळवटून पाठीकडे वळली. आई बघताक्षणी म्हणाली, "मानमोडी आली." पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मेलेली कोंबडी आमच्यासमोर उघडली आणि जठराच्या आतल्या अस्तरावरचे टाचणीच्या डोक्याएवढे रक्ताचे ठिपके दाखवले. खुराडं रिकामं व्हायला फार दिवस लागले नाहीत. आम्ही घरी परतलो तोवर कॉकाटीलही मान वाकडी करून पिंजऱ्याच्या तळाशी गोल गोल फिरू लागलं होतं. पाचव्या दिवशी गेलं. लेक एवढंच म्हणाली, "आई, आपणच नेलं ना त्याला तिकडे?"

मानमोडी म्हणजेच राणीखेत. हा कोंबड्यांचा रोग म्हणून आपण सोडून देतो, पण त्याचा विषाणू पोपटांनाही लागतो. विष्ठेतून, नाकातोंडाच्या स्रावातून, पाण्याच्या भांड्यातून, एवढंच काय, खुराडं झाडून आलेल्या माणसाच्या चपलेतूनही तो पिंजऱ्यापर्यंत पोचतो. डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती. लासोटाची, म्हणजे राणीखेतवरची, लस टोचलेली किंवा पाजलेली कोंबडी रोगाने मरत नाही, पण तिला संसर्ग होऊ शकतो आणि तिच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडू शकतो. म्हणजे "आमच्या कोंबड्यांना लस दिलेली आहे" यावर पोपटवाल्याने निर्धास्त राहू नये. कोंबडी ठणठणीत दिसते आणि पोपट मरतो.

उलट दिशेचा धोका कोंबडीवाल्यांनी ऐकावा. १९७१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात राणीखेतची जबर साथ आली, ती बाहेरून आणलेल्या पोपटांसारख्या शोभेच्या पक्ष्यांमधून. साथ आटोक्यात आणायला सुमारे १ कोटी २० लाख पक्षी मारावे लागले. काही जातींचे पोपट वरून धडधाकट दिसतात आणि महिनोन्‌महिने विषाणू बाहेर टाकत राहतात. बाजारातून आणलेला नवा पोपट त्याच संध्याकाळी पोल्ट्रीच्या शेडजवळ टांगणं हा शेतकऱ्याने स्वतःच्याच पोटावर पाय देण्याचा प्रकार आहे.

बर्ड फ्लूचं महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरने काय सोसलं ते आपण पाहिलं. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या, २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे पडले. कावळ्यांचं ऐकल्यावर तरी शहरातल्या लोकांनी गॅलरीतला पिंजरा आत घ्यायला हवा होता. कावळा पिंजऱ्यावर बसतो, शिटतो, उडून जातो.

माणसांनाही झळ बसते. पोपटांमध्ये सिटाकोसिस नावाचा जिवाणूजन्य आजार असतो, तो बदकांना आणि टर्कींनाही होतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेली की माणसाला ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला सुरू होतो, कधी न्यूमोनियापर्यंत जातं. योग्य अँटिबायोटिकने बरा होतो, पण घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना आधी सांगायला हवं. त्या जाळीत मुलं हाताने दाणे भरवत होती आणि हात धुवायला जवळपास नळही नव्हता.

माझं मागणं फार नाही. कृषी पर्यटन केंद्रांनी आणि आठवडी बाजारातल्या विक्रेत्यांनी पोपटवर्गीय पक्षी आणि कोंबड्या-बदकं पूर्ण वेगळ्या जागी ठेवावीत, भांडी आणि झाडूही वेगळे. एकाच जाळीत मधे पत्रा ठोकून भागणार नाही, धूळ पत्र्याला थांबत नाही. नवा पक्षी महिनाभर तरी वेगळ्या खोलीत राहावा. आधी पोपटाचं दाणापाणी करावं, मग कोंबड्यांकडे जावं, येताना चपला-कपडे बदलून साबणाने हात धुवावेत. पशुसंवर्धन विभाग पोल्ट्रीधारकांना सूचना देतो, त्यात पिंजऱ्यातल्या पक्ष्यांसाठी चार ओळी घालाव्यात. (आपला हिरवा पोपट पाळायला वन्यजीव संरक्षण कायद्याने मुळात बंदी आहे, तरी तो अजून पिंजऱ्यांत दिसतो, हे दुःख निराळं.)

त्या केंद्राच्या मालकांनाही या पत्राची प्रत पाठवते आहे. ती परात तेवढी आजच उचलावी.

आपली,
एक वाचक, जि. सांगली