कृषी पर्यटनाच्या धोरणात जुन्या घराला स्थान हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत इटलीतील एका जुन्या शेतघराची डागडुजी करून तेथे छोटेसे अतिथिगृह चालवणाऱ्या दांपत्याविषयीचा लेख वाचला. लेख मनापासून आवडला. मात्र त्या दोघांच्या हौसेचे आणि कष्टांचे वर्णन करताना त्यांच्या पाठीशी असलेला कायदा आणि त्यांच्या हाताशी असलेले कारागीर या दोन्ही गोष्टी लेखात राहून गेल्या. पुणे जिल्ह्यात गावोगावी कृषी पर्यटन केंद्रे उभी राहत असताना आपल्याला नेमकी तीच माहिती उपयोगी पडणार आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. जुन्या घरांच्या दुरुस्तीशी माझा व्यवसायाने संबंध आहे, आणि उंब्रिया प्रदेशात तोडी या गावाजवळच्या अशाच एका घरात आम्ही उभयता राहून आलो आहोत.

तोस्काना, उंब्रिया, मार्के या मध्य इटलीच्या प्रदेशांतील अशी बहुतेक दगडी घरे मुळात कुळांची. जमीन आणि घर मालकाचे, राबणूक कुळाची आणि पीक निम्मे निम्मे, अशी ‘मेद्झाद्रिया’ नावाची पद्धत तेथे शतकानुशतके चालत आली. आपल्याकडे अर्धेलीने जमीन कसायला देत, तसाच तो व्यवहार. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांची मुले शहरांतील कारखान्यांकडे निघून गेली, १९६४ मध्ये असे नवे करार करण्यास कायद्याने बंदी आली आणि डोंगरउतारांवरची ही घरे ओस पडत गेली. मुंबईच्या गिरण्यांनी आणि पुढे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी भोर, वेल्हे, मुळशीकडच्या घरांचे जे केले, त्याहून हे फारसे वेगळे नाही. फरक पडला तो त्यानंतर.

इटलीने १९८५ मध्ये ‘अग्रितुरिस्मो’साठी, म्हणजे शेतकऱ्याने आपल्या शेतावर पाहुणे ठेवण्यासाठी, पहिला राष्ट्रीय कायदा केला आणि २००६ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आणला. या कायद्यातील दोन तरतुदी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली अशी की, पाहुण्यांसाठी शेतावर आधीपासून असलेल्याच इमारती वापरायच्या असतात. पर्यटनाच्या नावाखाली शेतात नवे हॉटेल बांधता येत नाही. दुसरी अशी की, पाहुणचार हा शेतीला जोडून असला पाहिजे आणि शेती हेच मुख्य काम राहिले पाहिजे. ते तसे राहिले आहे की नाही, हे ठरवताना दोन्ही कामांसाठी लागणारा वेळ प्रामुख्याने पाहिला जातो. त्याचे तपशील प्रत्येक प्रदेशाचे सरकार ठरवते. पाहुण्यांची संख्या दहापर्यंत असेल, तर मात्र शेतीच मुख्य आहे असे गृहीत धरले जाते, त्यामुळे लहान कुटुंबावर हिशेबाचा बोजा पडत नाही. ताटात वाढायचे तेही स्वतःच्या शेतातले आणि त्याच भागातले असावे, याबद्दलही नियम आहेत. आज त्या देशात अशी पंचवीस हजारांहून अधिक ठिकाणे आहेत.

आम्ही उतरलो ते घर मी व्यवसायाच्या सवयीने बारकाईने पाहिले. तळमजल्यावरचा जुना गोठा आता जेवणाची खोली झाला आहे. बैल बांधायच्या लोखंडी कड्या भिंतीत तशाच आहेत, आणि दगडी गव्हाण काढून न टाकता तिच्यावर फळी टाकून पाव आणि तेलाच्या बाटल्या ठेवल्या जातात. वरच्या मजल्यावर आपल्या कडीपाटासारखेच छत आहे; फक्त लाकडी कड्यांवर पाटाऐवजी भाजलेल्या मातीच्या पातळ विटा बसवलेल्या आहेत. छपराची दुरुस्ती कशी केली, हे घरमालकाने मला शिडीवर चढवून दाखवले. सगळी कौले हाताने उतरवली, एकेक धुऊन आणि वाजवून पाहिली, जी खणखणीत निघाली ती वरच्या थरात बसवली आणि तूट भरून काढण्यासाठी आणलेली नवी कौले खालच्या थरात, नजरेआड घातली. त्यामुळे बाहेरून छप्पर जुनेच दिसते आणि आतून पाऊस ठिपकत नाही. भिंतींना चुन्याचाच गिलावा आहे. हे सर्व करणारे गवंडी जवळच्याच गावचे होते आणि त्यांच्याकडे पुढच्या घराचे काम वाट पाहत होते, हे मला त्या घराइतकेच महत्त्वाचे वाटले.

दिवसभर घरमालक ऑलिव्हच्या झाडांत आणि त्याची पत्नी स्वयंपाकघरात व भाजीच्या वाफ्यांत असे. रात्रीची जेवणे उरकली की ती नव्या पाहुण्यांच्या पासपोर्टची माहिती पोलिसांच्या संकेतस्थळावर भरायला बसे, कारण तेथे ती चोवीस तासांच्या आत द्यावीच लागते. नोव्हेंबरमध्ये ऑलिव्हच्या तोडणीच्या दिवसांत पाहुणे जवळजवळ घेतच नाही, असे तिने सांगितले. पाहुणे पुढच्या महिन्यात पुन्हा येतील, पण तोडणी लांबली तर तेलाची प्रत जाते, असे तिचे म्हणणे. शेतकऱ्याच्या घरचे हे बोलणे आपल्याकडच्या कोणत्याही शेतकरी कुटुंबाला सहज पटेल.

आता आपल्याकडे पाहू. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची सोय झाली, हे स्वागतार्हच आहे. हुरड्याच्या दिवसांत पुण्याहून निघालेल्या गाड्यांची रांग पाहिली, तर शहरातील माणसाला शेताची किती ओढ आहे ते कळते. परंतु पुरंदरच्या बाजूला एका केंद्रात मी जे पाहिले त्याने फार वाईट वाटले. घडीव दगडाचे जोते, सागवानी खांब, सोपा, माजघर आणि धान्याची बळदे असलेला चौसोपी वाडा पाडून, त्याच जोत्यावर पत्र्याच्या छताच्या सिमेंटच्या खोल्या उभ्या केल्या होत्या, आणि खांबांचे लाकूड विकून आलेल्या पैशात पोहण्याचा तलाव झाला होता. मालकाला मी दोष देत नाही. वाडा राखला तर काही लाभ होईल, असे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. कर्ज मागायला गेल्यावर अंदाजपत्रकात घाणीचा, म्हणजे घाणीत मळून तयार केलेला, चुना कोणत्या दराने धरायचा, हेही त्याला कोणी सांगू शकले नाही.

जुने घर राखा म्हटले की सुरक्षिततेचा प्रश्न निघतो, आणि तो निघालाच पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या, म्हणजे सपाट धाब्याच्या छताच्या, जड मातीखाली गाडली गेली. हे ज्यांनी पाहिले त्यांना जुन्या घराची भीती वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु तेथील जाड भिंतींत दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते आणि माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेले होते, हे दोष अभियंत्यांना तपासता येतात आणि दूरही करता येतात. उंब्रियाचा प्रदेशही भूकंपप्रवण आहे. १९९७ च्या भूकंपात असिसी गावातील बासिलिकेच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, छताची कमान कोसळून माणसे दगावली. त्या भूकंपाने असेही दाखवून दिले की, जुन्या दगडी भिंतींवर काँक्रीटचे जड छप्पर चढवले, तर घर भक्कम होण्याऐवजी अधिक धोक्यात येऊ शकते. आम्ही राहिलो त्या घराच्या समोरासमोरच्या भिंती लोखंडी सळ्यांनी एकमेकींना बांधलेल्या होत्या आणि त्या सळ्यांच्या टोकांच्या पट्ट्या बाहेरून स्पष्ट दिसत होत्या. आपल्याकडे याच्या उलट चालते: जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढतो, आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, लाकूड कुजते, आणि मग घर मोडकळीला आले म्हणून पाडले जाते.

याहून अवघड अडचण हिश्शांची आहे. गावातले घर सामायिक असते, चुलत भावंडे पुण्या-मुंबईला पांगलेली असतात आणि सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत छप्पर खाली येते. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. या पद्धतीचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरीला झाला, आणि त्याच सोनोरीत सरदार पानसे यांचा वाडाही आहे. मालकी कागदावर स्पष्ट झाली की घरातल्या एका जोडप्याला ते घर दीर्घ मुदतीच्या भाड्याने चालवायला देणे इतर हिस्सेदारांना सोपे जाईल. घर विकायचे नाही, पाडायचे नाही आणि गावी राहणाऱ्याला कमाईही व्हावी, असा हा मार्ग आहे. मुळशीसारख्या अतिपावसाच्या भागातील कौलारू घरे आणि शिरूर-बारामतीकडची माळवदाची घरे यांना एकच नियम लावून चालणार नाही. तेव्हा इटलीत जसे तपशील प्रादेशिक सरकारांवर सोपवले आहेत, तसे ते येथे जिल्हा पातळीवर ठरावेत.

माझी विनंती अशी की, धोरणाचा फेरविचार होईल तेव्हा ज्या शेतकऱ्याच्या शेतावर किंवा गावठाणात जुने घर उभे आहे, त्याला ते घर दुरुस्त करून वापरण्याच्या अटीवरच निवासाच्या खोल्यांची नोंदणी आणि अनुदान मिळावे. नव्या खोल्यांना परवानगी द्यायची ती घर दुरुस्तीपलीकडे गेल्याचा अभियंत्याचा दाखला असेल तेव्हाच. त्याबरोबर चुना, लाकूड आणि कौलांच्या कामाचे दर सरकारी दरसूचीत स्पष्टपणे यावेत, म्हणजे बँकेला अंदाजपत्रक समजेल. पुण्यात वास्तुकलेची अनेक महाविद्यालये आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत एकेका गावातील घरांची मापे घेऊन नकाशे केले, तर मालकाचा सुरुवातीचा मोठा खर्च वाचेल. या कामात माझ्याकडून होईल ती मदत मी विनामूल्य करीन. ज्या वाचकांचे जिल्ह्यात असे घर बंद पडून आहे त्यांनी आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयाकडे तसे कळवावे, आणि आपण ती पत्रे पर्यटन संचालनालयाकडे पाठवावीत, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे