मर्यादित खर्चातही मोलाचा नाणेसंग्रह

महोदय,

एखादे दुर्मीळ नाणे लिलावात विक्रमी किमतीला गेले, की त्याची बातमी ठळकपणे छापली जाते. ती वाचून काहींना नाणेसंग्रह हा केवळ धनिकांचा छंद वाटतो, तर काहींना घरातले प्रत्येक जुने नाणे लाखमोलाचे वाटू लागते. हे दोन्ही समज नवोदित संग्राहकाचे नुकसान करतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

नाणे जुने म्हणजे महाग, असे समीकरण नसते. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याचे पुत्र यांच्या काळात, म्हणजे चौथ्या शतकात, कांस्याची लहान नाणी इतक्या प्रचंड संख्येने पाडली गेली, की सुमारे १७०० वर्षांनंतरही त्यांतील पुष्कळशी बेताच्या खर्चात मिळतात. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या ‘थेलर’ या चांदीच्या नाण्यावर १७८० हे साल असते. परंतु त्याच वर्षी तिचे निधन झाल्यानंतरही तेच साल कायम ठेवून व्हिएन्नासह अनेक टाकसाळींनी तो पाडला, त्यामुळे नुसत्या सालावरून त्याचे वय ठरवता येत नाही. उलट, अमेरिकेच्या १९०९ च्या ‘लिंकन सेंट’ या एका सेंटच्या नाण्यांपैकी शिल्पकाराची ‘व्ही. डी. बी.’ ही आद्याक्षरे असलेली नाणी फिलाडेल्फियात सुमारे २ कोटी ८० लाख, तर सॅन फ्रान्सिस्कोत अवघी ४ लाख ८४ हजार निघाली. दोन्हींत फरक सालाखालच्या, सॅन फ्रान्सिस्को टाकसाळीची खूण असलेल्या एका लहानशा ‘एस’ अक्षराचा, आणि किमतीतील तफावत मात्र फार मोठी.

म्हणूनच पैसे कमी असतील, तर आधी कॅटलॉग आणि भिंग घ्यावे व नाणे नंतर घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. दिसेल ते विकत घेण्यापेक्षा एक विषय निवडावा. वर उल्लेखिलेल्या रोमन नाण्यांच्या मागील बाजूस तळाशी टाकसाळीची अक्षरे असतात. त्यांच्या आधारे त्रिअर, अँटिओक, अलेक्झांड्रिया अशा एकेका टाकसाळीचे एकेक सुवाच्य नाणे जमवत गेल्यास साम्राज्याचा विस्तारच हाती येतो. सुट्या नाण्यांच्या ढिगाला ही किंमत कधीच येत नाही. दहा झिजलेल्या नाण्यांऐवजी एक चांगले नाणे घेणे केव्हाही श्रेयस्कर. अपवाद केवळ खऱ्या दुर्मीळ नाण्याचा, कारण तिथे थोडी झीज पत्करल्यानेच ते परवडते.

सर्वांत मोठी हानी मात्र खरेदीत नव्हे, तर घरी आणल्यानंतर होते. चकाकीच्या मोहापायी चिंच, लिंबू, टूथपेस्ट किंवा पॉलिश लावून नाणे घासले, की वर्षानुवर्षांत धातूवर बसलेला नैसर्गिक थर आणि ठशाचे सूक्ष्म बारकावे कायमचे जातात. जाणकाराला ते पाहताक्षणी कळते आणि मोल झपाट्याने घसरते. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांतही नाणी दीर्घकाळ ठेवू नयेत. त्यांतून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे धातूवर हिरवट, चिकट थर चढतो. नाणे नेहमी कडेने धरावे.

बनावट नाण्यांपासून सावध राहण्यासाठी अचूक वजनकाटा पुष्कळ उपयोगी पडतो. अस्सल थेलरचे वजन सुमारे २८ ग्रॅम असते. त्यात ठळक फरक दिसला, तर सौदा तिथेच थांबवावा.

आपल्या वृत्तपत्राला एकच विनंती आहे. विक्रमी किमतीची बातमी देताना त्या नाण्याचे साल, टाकसाळ आणि अवस्थाही छापावी, म्हणजे तशाच दिसणाऱ्या नाण्यासाठी कोणी आपली बचत गमावणार नाही.

आपला,
एक नाणेसंग्राहक