मुलुंडचं घर विकताना

चि. प्राजक्ता,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर विचारलंस, "बाबा, घर आत्ताच काढू की घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत थांबू?" आत्ताच काढ. समीर दिवाळखोरीचा अर्ज करायचं म्हणतोय, त्याआधी, दोघांच्या सह्यांनी आणि बाजारभावाने. कारणं लिहूनच कळवतो, फोनवर तुझी आई मला वाक्य पुरं करू देत नाही.

पहिलं म्हणजे मावशीचं ऐकू नकोस. समीरचा हिस्सा बक्षीसपत्राने तुझ्या नावावर करून घेणं सोपं वाटतं, पण ज्यांचे पैसे त्याच्याकडे अडकलेत ते काय बघत बसतील? देणी बुडवायला केलेलं हस्तांतरण त्यांना मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द करून घेता येतं. शिवाय मुंबईत समीरसारख्या स्वतःच्या नावावर धंदा करणाऱ्याच्या दिवाळखोरीला अजून १९०९ चाच कायदा लागतो. २०१६ चा नवा कायदा आला खरा, पण व्यक्तींच्या बाबतीत तो कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच सुरू झालाय. त्या जुन्या कायद्यात दिवाळखोर ठरण्याआधीच्या दोन वर्षांत फुकट देऊन टाकलेली मालमत्ता उच्च न्यायालयाच्या ऑफिशियल असाइनीला, म्हणजे दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याला, परत ओढता येते. खऱ्या गिऱ्हाइकाला रास्त भावात सरळपणे विकलेल्या घराची गोष्ट वेगळी.

त्याला कोर्टाने दिवाळखोर ठरवलं की त्याचा हिस्सा असाइनीकडे जातो. तुझा जात नाही, तेवढी निश्चिंत राहा. पण मग करारावर समीरची सही चालत नाही, त्या कार्यालयाची लागते. एवढा वेळ थांबणारा गिऱ्हाईक मला तरी मुलुंडात भेटलेला नाही.

आता तुझ्या अर्ध्याबद्दल. लग्न झालं म्हणून नवऱ्याच्या घरात बायकोला आपोआप निम्मी मालकी मिळते, असा कायदा आपल्याकडे नाही. तुझा हिस्सा आहे तो करारनाम्यावर तुझं नाव आहे आणि तुझे पैसे त्यात गेलेत म्हणून. कोणी किती घातले याचा पुरावा नसेल तर समसमान धरतात, असेल तर त्या प्रमाणात. तू पीएफमधून काढलेली सुरुवातीची रक्कम आणि पगाराच्या खात्यातून गेलेले हप्ते, या सगळ्यांची स्टेटमेंट शिक्का मारून आण. मोबाईलवरचे स्क्रीनशॉट नकोत.

बँकेचं तेवढं कडू आहे. तू सहकर्जदार आहेस, त्यामुळे तिच्या लेखी पूर्ण कर्ज तुझंही आहे. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात काहीही लिहिलं तरी बँकेला त्याचं बंधन नाही. दारावर चिकटवून गेलेत ती नोटीस तू व्हॉट्सॲपवर पाठवलीस, कोपरा फाटलाय पण तारीख वाचता येते. त्या तारखेपासून ६० दिवस. तेवढ्यात नोटिशीतली रक्कम भरली नाही तर ताबा आणि मग लिलाव. वसुली विभागात नोकरी काढली मी, लिलावात घराला काय भाव येतो ते पाहिलंय. गिऱ्हाईक तुम्हीच आणलात तर चार पैसे जास्त मिळतील.

म्हणून बँकेकडून आजच्या तारखेला किती भरायचं त्याचं पत्र घे. गिऱ्हाइकाचा पहिला चेक थेट कर्जखात्यात. उरलेल्या रकमेचे दोन वेगळे चेक, तुझा तुझ्या एकटीच्या खात्यात. संयुक्त खात्यात एक रुपया टाकू नका. त्याच बँकेत समीरची कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीची उचल, थकलेली आहे, त्यात वळते करून घ्यायला बघतील. ५० लाखांवरच्या व्यवहारात गिऱ्हाईक १ टक्का टीडीएस कापतो, तो दोघांच्या पॅनवर हिश्श्याप्रमाणे दाखवायला सांग, नाहीतर परताव्यासाठी हेलपाटे.

समीरच्या वाट्याचे पैसे तो ज्यांचं देणं लागतो त्यांच्याकडे जाऊ देत. माझा राग आहे त्याच्यावर, पण लबाड नाही तो. उधारीवर माल देत सुटला आणि वसुली झाली नाही. तुझी पोटगी आणि इराच्या शिक्षणाची रक्कम मात्र हातोहात घेऊ नकोस. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात संमतीच्या अटींमध्ये आकड्यांसकट येऊ दे, म्हणजे उद्या कोणी "नवऱ्याने पैसे बायकोकडे लपवले" म्हणायला नको. परस्पर संमतीच्या अर्जातली सहा महिन्यांची मुदत कोर्ट माफ करू शकतं, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तसं सांगितलंय. वकीलबाईंना त्याबद्दल विचार.

सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट तुझ्या कपाटात, वास्तुशांतीला आईने हळदकुंकू लावलेल्या त्या प्लास्टिकच्या फाईलमध्ये आहे. मूळ करारनामा बँकेत असेल, त्याची प्रत काढ. सोसायटीचा मेंटेनन्स थकला असेल तर आधी भरून टाक, नाहीतर ना हरकत पत्र अडवतील. सेक्रेटरी चौकशा करतील, त्यांना "घर विकतोय" एवढंच सांग.

इराची शाळा बदलू नकोस. तुम्ही दोघी इकडेच या, भांडुपहून मुलुंड दोनच स्टेशनं. आईने आतली खोली रिकामी केलीय. माझी पुस्तकं बाल्कनीत गेली, त्याबद्दल तिच्याशी माझं वेगळं बोलणं चालू आहे.

रविवारी फाईल घेऊन ये. जेवायलाच ये.

तुझे,
बाबा