दमणच्या रिक्षावाल्या भाईंना, नाशिकहून

भाई, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे असं सगळ्यांदेखत लिहितेय. दमणला मराठी वाचणारे पुष्कळ आहेत, कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल. खूण सांगते: आरशाला गोंड्याची माळ असलेली तुमची रिक्षा, आणि मागच्या सीटवर नऊवारीतली म्हातारी, जी पुलावर "हीच का ती, हीच का?" म्हणून माझा दंड हलवत होती.

आई दिंडोरीच्या पश्चिमेकडची, डोंगराच्या अंगाची. दमणगंगा तिकडेच उगम पावते. गोदावरी सगळ्या नाशिकची, पण दमणगंगा आईची. परकर खोचून ती ओलांडायची म्हणे. गेली कित्येक वर्षं एकच धोशा होता, "आपली नदी कुठं जाऊन पडती ते एकदा बघायचंय." शेवटी एका सहलवाल्याकडे दोन सीट घेतल्या. 'ज्येष्ठांची विशेष काळजी' असं पत्रकावर जाड अक्षरात छापलं होतं.

त्या काळजीचं काय सांगू! जामपोरला ओहोटी होती. समुद्र इतका आत गेलेला, की काळ्या वाळूच्या पलीकडे नुसती चकाकणारी रेघ. आईला निदान सुरूच्या सावलीत बसवू म्हटलं, तर सहलप्रमुख म्हणाले, "आजी, तुम्ही गाडीतच बसा, मी फोटो दाखवतो ना." मोटी दमणच्या किल्ल्याशी आलो तेव्हाही तेच. आत म्हणे पायऱ्याच पायऱ्या. आणि हॉटेलवर तिला उतरवताना दोघांनी दोन्हीकडून बगलेत हात घातले आणि कांद्याचं पोतं उतरवावं तसं खाली ठेवलं. आई काही बोलली नाही. बराच वेळ पदर नीट करत राहिली.

दुसऱ्या दिवशी मंडळी देवका बीचला गेली आणि आम्हाला "आराम करा" सांगण्यात आलं. मी तडक रस्त्यावर येऊन तुम्हाला हात केला.

पायऱ्यांचं खोटं तुम्ही दहा मिनिटांत उघडं पाडलंत. किल्ल्याच्या दरवाजातून चक्क रस्ता जातो की! रिक्षा सरळ आत. बॉम जेझुस चर्चसमोर तुम्ही थांबलात. १६०३ चं आहे म्हटल्यावर आई म्हणाली, "म्हणजे आपल्या काळारामाच्याही आधीचं." पोर्तुगीज इथे १५५९ पासून होते आणि १९६१ च्या डिसेंबरात त्यांना हुसकायला मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण आली होती, हे मी सांगितलं तेव्हा ती सीटवर जरा ताठच बसली. तुम्ही आरशातून बघून हसलात, ते मी पाहिलं.

मग नदीकाठ. तुम्ही इंजिन बंद केलंत, मागे आलात आणि हात पुढे केलात. धरला नाहीत. नुसता आडवा धरून ठेवलात, कठड्यासारखा, आणि विचारलंत, "मासी, हाथ आपुं?"

आईला गुजराती येत नाही. पण आपल्याला विचारलंय, एवढं तिला बरोबर कळलं. तिने घाई केली नाही. काठी डाव्या हातात घेतली, पदर खोचला, तुमच्याकडे एकदा बघितलं आणि मग सुजलेल्या पेरांची बोटं तुमच्या खाकी बाहीवर ठेवली. मागे एक स्कूटरवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. तुमचा हात तसूभर हलला नाही. तिचा पाय जमिनीला लागेपर्यंत तुम्ही तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता, नदीकडे बघत होतात. मग पुढच्या सीटची गादी काढून तापलेल्या दगडावर टाकलीत.

समोर नानी दमणचा किल्ला, झेंडे लावलेल्या होड्या, सुक्या मासळीचा वास. आणि मधे ती, समुद्राला भिडलेली. "एवढी मोठी झाली होय," आई म्हणाली. लांब दिलेली भाची फार वर्षांनी सासरी भेटावी, तसं.

मदतीला धावणारी माणसं कमी नाहीत, भाई. आमच्या नाशिकमध्ये बँकेत, दवाखान्यात, रामकुंडावर लोक आपणहून येतात आणि धरतात. मनाने चांगलीच असतात. पण विचारत कुणी नाही. म्हाताऱ्या माणसाचं शरीर म्हणजे जणू सार्वजनिक मालमत्ता. मी तरी कुठे विचारायचे? रोज सकाळी न्हाणीतून तिला दंडाला धरून ओढतच आणत होते, हे लिहायला लाज वाटते. सहलवाल्यावर चिडण्याचा माझा हक्क तसा अर्धाच.

ठरलेले चारशे रुपये तुम्ही मोजून घेतलेत, ते फार बरं केलंत. नको म्हणाला असतात, तर आईने तिथेच भांडण काढलं असतं.

आता घरात तुमचाच शब्द चालतो. काल माझा मुलगा तिला ओट्यावरून उठवायला गेला, हात आडवा धरून म्हणाला, "आजी, हाथ आपुं?" ती म्हणाली, "थांब जरा, शेंगा सोलून होऊ देत." आणि तो थांबला.

एक राहिलंच. तुमच्या मागच्या सीटवर आईची निळी पिशवी राहिली आहे. तिच्यात पाव किलो मनुका आहेत, आमच्या दिंडोरीकडच्याच. परत पाठवायच्या भानगडीत पडू नका, पोरांना द्या. फक्त आधी धुऊन घ्या, देठं आहेत.

तुमची,
मासीची मुलगी